राइस कुकरमधील कोकणी स्वयंपाक : भातापलीकडचे पदार्थ

केळफूल (गुहागर)

कोकणातल्या बऱ्याच घरांत राइस कुकर मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलांनी आणून दिलेला असतो. सुरुवातीला त्याचे कौतुक होते, मग गणपतीला घर भरले की मोठे पातेले लागते म्हणून तो बाजूला सरतो आणि पुढे फडताळाच्या वरच्या कप्प्यात जाऊन बसतो. हे मला मनापासून खटकते. ज्या घरात दोनच वयस्कर माणसे राहतात आणि गॅस चालू राहून जाण्याची धास्ती सतत मनात असते, त्या घराला आपण होऊन बंद होणाऱ्या या भांड्याचा मोठा आधार आहे. त्यात भाताखेरीज आपल्याकडचे किती पदार्थ नीट होतात याची नोंद एका ठिकाणी व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

एक खटका असलेल्या साध्या कुकरविषयीच मी लिहीत आहे, कारण गावाकडे तोच असतो. या कुकरला तांदूळ, डाळ, मोदक यांतले काहीही ओळखता येत नाही. भांड्याच्या बुडाशी पाणी उरले आहे की संपले, एवढेच त्याला समजते. पाणी उकळत असेपर्यंत बुडाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहते आणि पाणी आटले की ते वर चढून खटका उडतो. त्यामुळे कोणताही पदार्थ लावण्यापूर्वी, तो शिजेपर्यंत बुडाशी मोकळे पाणी राहील का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. भात, खिचडी, पुलाव हे पाणी पिऊन शिजणारे पदार्थ असल्याने त्यांचा शेवट कुकरला बरोबर कळतो. पेज किंवा सार यांत शेवटपर्यंत पाणी राहते, म्हणून ते आपल्याला बंद करावे लागते. मोदक, पातोळ्या, अळूवड्या या वाफेवरच्या पदार्थांत घड्याळाकडे आपले लक्ष हवे, कारण खाली पाणी असेपर्यंत कुकर चालूच राहणार.

पाण्याच्या मापाबद्दल सर्वांत जास्त गोंधळ होतो. कुकरबरोबर येणारा पेला बहुधा १८० मिलिलिटरचा असतो आणि आपली घरातली वाटी वेगळ्या मापाची असते. तांदूळ एकाने आणि पाणी दुसऱ्याने मोजले, तर भात कधीच मनासारखा होणार नाही. शिवाय वाफ होऊन उडून जाणारे पाणी तांदळाच्या प्रमाणात वाढत नाही. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी लागत असेल, तर चार वाट्यांना आठ लागत नाही, सात ते साडेसात पुरते. कोलमसारख्या तांदळाला हे माप चालते. उकड्या तांदळाला मात्र अर्धा-पाऊण तास भिजवूनही तिप्पट पाणी द्यावे लागते, कारण भात, म्हणजे न कांडलेला तांदूळ, सालासकट उकडून वाळवलेला असल्याने त्याचा दाणा घट्ट झालेला असतो आणि पाणी सावकाश शोषतो. खटका उडाल्यावर दहा मिनिटे झाकण उघडू नये. त्या वेळात वरचा आणि खालचा भात सारखा मुरतो.

आता डाळिंबी भात. कडवे वाल आदल्या दिवशी सकाळी भिजत घालावेत, रात्री फडक्यात बांधावेत आणि मोड आल्यावर कोमट पाण्यात टाकून सोलावेत. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी डाळिंब्या, सव्वादोन वाट्या कढत पाणी, गोडा मसाला, मीठ आणि गुळाचा लहानसा खडा एवढे भांड्यात घालावे. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता यांची फोडणी लोखंडी पळीत वेगळी करून वरून ओतावी. कुकरच्या रिकाम्या भांड्यात तेल तापवायला घेतले, की तापमान लगेच शंभराच्या वर जाते आणि खटका उडतो. तो काडी अडकवून दाबून धरण्याचा प्रकार मी पाहिला आहे आणि तो कोणीही करू नये असे कळकळीने सांगते. आमसुले खटका उडाल्यानंतर भातात खुपसून ठेवावीत. खोबरे-कोथिंबीर नेहमीप्रमाणे वाढताना घालावी.

नारळी भातही सुरेख होतो, मात्र तांदूळ आणि गूळ एकत्र शिजायला लावू नयेत, कारण गुळाच्या पाण्यात तांदूळ मऊ होत नाही. तांदूळ तुपावर लवंगा घालून गॅसवर परतून घ्यावेत, दीडपट पाण्यात कुकरमध्ये मोकळे शिजवावेत, मग तितकाच चिरलेला गूळ आणि तितकेच ओले खोबरे मिसळून हलक्या हाताने भातात घालावे आणि कुकर पंधरा-वीस मिनिटे नुसता ‘वॉर्म’वर ठेवावा. गूळ विरघळून त्याचे पाणी भात पिऊन घेतो. पुन्हा ‘कुक’ लावले तर बुडाचा गूळ जळतो.

पेज, मासळी, फणसाचे प्रकार यांबद्दल इतरांनी अनुभवाने लिहावे ही विनंती.

पेजेचा वाडगा (कुडाळ)

ताई, धागा फार गरजेचा काढलात. आमच्याकडे सकाळची न्याहारी म्हणजे उकड्या तांदळाची पेज. तिच्यासाठी चुलीजवळ तासभर बसणे आता वयस्कर माणसांना होत नाही. कुकरमध्ये ती उत्तम होते, पण दोन गोष्टी पाळाव्या लागतात.

पहिली म्हणजे भांडे निम्म्याच्या वर भरू नये. तांदळातले पिठूळ पाणी उकळताना फेस धरते आणि झाकणाच्या भोकातून उतू जाऊन कुकरच्या अंगात, तापपट्टीवर उतरते. ते वाळले की पुढच्या वेळी भांडे नीट टेकत नाही. अर्धी वाटी उकडा तांदूळ धुऊन रात्री भिजत घालावा, सकाळी चार ते साडेचार वाट्या पाण्यात लावावा आणि उकळी येईपर्यंत झाकण तिरके ठेवावे. दुसरी गोष्ट कढ आल्यानंतरची. अर्धा तास उकळल्यावर खटका हाताने वर करून कुकर वीस मिनिटे ‘वॉर्म’वर राहू द्यावा आणि मग पुन्हा दहा मिनिटे उकळावा. या मधल्या वेळात दाणा आतपर्यंत फुगतो, वीजही वाचते, आणि पेजेला तो दाटपणा येतो जो सलग उकळून येत नाही. दाणा बोटांत दाबून मध्ये कणी लागली नाही म्हणजे पेज झाली.

लाल उकडा असेल तर पाणी आणखी अर्धी वाटी वाढवावे. मीठ शेवटी. सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा नुसती खोबऱ्याची कातळी. आजाऱ्यासाठी किंवा लहान मुलासाठी हीच पेज गाळून वरचे पाणी देता येते. ते कोमट असतानाच द्यावे, उरलेले पुन्हा पुन्हा गरम करत राहू नये.

वीजजोडणी (चिपळूण)

विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचे काम मी करतो, म्हणून कुकरच्या आतल्या रचनेबद्दल लिहितो, कारण रचना समजली की स्वयंपाकातल्या अर्ध्या अडचणी सुटतात.

तापपट्टीच्या मधोमध स्प्रिंगवर हलणारी एक गोल टिकली असते. तिच्याखाली चुंबक आणि त्याला चिकटणारा फेराइटचा तुकडा असतो. ‘कुक’ दाबल्यावर हे दोन्ही एकमेकांना चिकटतात. तापमान १०३ अंशांच्या आसपास गेले की त्या तुकड्याची चुंबकाला चिकटण्याची शक्ती संपते, स्प्रिंग त्यांना दूर ढकलते आणि खटका ‘वॉर्म’वर येतो. टिकलीवर भाताचे एक शीत वाळून बसले असेल तर भांड्याचे बूड तिला नीट टेकत नाही, उष्णता उशिरा पोचते आणि भात करपतो. भांड्याचे बूड ओले असेल तर पाण्याचे थेंब तडतडतात आणि टिकलीवर क्षार जमतो. म्हणून भांडे ठेवण्यापूर्वी ते बाहेरून कोरडे पुसावे आणि किंचित फिरवून बसवावे, म्हणजे ते टिकलीवर सपाट टेकते.

पाणी संपल्यावर आपोआप बंद होण्याची कल्पना जपानमधली. तोशिबा कंपनीने १९५५ साली पहिला स्वयंचलित कुकर विक्रीला आणला. त्यात आतल्या भांड्याबाहेर थोडे पाणी घालत, ते साधारण वीस मिनिटांत आटले की तापमान वाढून द्विधातूची, म्हणजे तापल्यावर वाकणारी दोन धातूंची, पट्टी वीज तोडत असे. त्या घरांनाही आपल्यासारखाच रोज भात लागत होता, आणि चुलीजवळ बसून राहण्यातून बाईची सुटका व्हावी हाच त्यामागचा हेतू होता. चुंबकाची सोपी रचना नंतर रूढ झाली.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न म्हणजे कमी दाबाची वीज. मेमध्ये किंवा संध्याकाळी, वाडीच्या टोकाच्या घरात २३० ऐवजी १८० व्होल्टच मिळत असतील, तर ७०० वॅटच्या कुकरला प्रत्यक्षात साधारण ४३० वॅटच मिळतात, कारण दाब कमी झाला की शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. कुकर तरीही बंद व्हायचा तेव्हाच होतो, कारण तो तापमान पाहतो, वेळ पाहत नाही. मात्र पाणी सावकाश उकळते आणि एकूण वेळ दीडपटीहून अधिक लागतो. पाककृतीत लिहिलेली मिनिटे अशा घरात लागू पडत नाहीत. वाफेच्या पदार्थांसाठी तर झाकणातून जोरात वाफ येऊ लागल्यावरच वेळ मोजायला सुरुवात करावी. याउलट, समुद्रसपाटीवर आपले पाणी पूर्ण १०० अंशांना उकळते हा आपला फायदा आहे. महाबळेश्वरच्या उंचीवर ते ९५-९६ अंशांनाच उकळते, म्हणून तिथे तोच भात अधिक वेळ घेतो.

घरातल्या दिवे-पंख्यांच्या इन्व्हर्टरवर कुकर लावू नये. तीन पिनांचाच प्लग वापरावा, आणि अर्थिंग चालू आहे की नाही हे एकदा तपासून घ्यावे, कारण ओल्या हातांनी धातूच्या अंगाला स्पर्श होतोच. खारट हवेत आतल्या जोडांना गंज चढतो. पावसाळ्यात कुकर बंद फडताळात न ठेवता रोज वापरात ठेवणे हाच त्यावरचा चांगला उपाय आहे.

आगरवाडी (अलिबाग)

वीजजोडणी दादा, व्होल्टेजचे कोडे आज सुटले, मनापासून धन्यवाद. केळफूलताई, मला मोदकांचे विचारायचे आहे. कुकरबरोबर आलेल्या भोकांच्या ताटलीत एका वेळी सात-आठच मोदक बसतात आणि तळाचे मोदक पाणी सुटून चिकटतात. उकडही कुकरमध्येच काढता येते का?

केळफूल (गुहागर)

उकड निश्चित काढता येते. पिठाइतकेच पाणी घ्यावे, पीठ फार जुने असेल तर दोन चमचे जास्त. पाण्यात मीठ आणि तूप घालून झाकण ठेवून खळखळ उकळू द्यावे, खटका हाताने वर करावा, मग सगळे पीठ एकदम घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळावे आणि झाकण लावून पाच मिनिटे ‘वॉर्म’वर दमू द्यावे. गॅसवर उकड खालून लागण्याची भीती असते, ती इथे राहत नाही. गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने मळून घ्यावी. जितके मळावे तितकी पारी पातळ होते आणि चिरत नाही.

वाफवताना ताटलीवर हळदीचे पान घालावे आणि त्याच्या कडेने वाफ वर यायला जागा ठेवावी. पान पूर्ण ताटली झाकून बसले तर वाफ अडते आणि वरचे मोदक कच्चे राहतात. प्रत्येक मोदक बुडाशी पाण्यात बुडवून ठेवला की तो चिकटत नाही. झाकणाला आतून जमणारे पाणी मोदकांवर ठिबकते, म्हणून झाकणाला स्वच्छ पंचा गुंडाळून त्याची टोके वर बांधावीत. जोराची वाफ आल्यावर दहा ते बारा मिनिटे पुरतात. पातोळ्यांना पान दुमडलेले असल्याने पंधरा मिनिटे द्यावीत.

अळूवडीच्या वळकट्या या कुकरमध्ये अखंड मावत नाहीत, त्या मधोमध कापून उभ्या ठेवाव्यात आणि वीस-पंचवीस मिनिटे वाफवाव्यात. विळी किंवा सुरी टोचून कोरडी बाहेर आली की झाल्या. चिंच किंवा आमसुलाचा आगळ पिठात पुरेसा घालावा, नाहीतर अळू खाजते. वड्या पूर्ण गार झाल्यावरच कापाव्यात.

सागरवेळ (मालवण)

मासळीबद्दल मी लिहिते. आमच्या घरी पाहुण्यांची ये-जा असते आणि गॅसच्या दोन्ही शेगड्या कालवणाला आणि तळणीला अडकलेल्या असतात, तेव्हा कुकर हीच तिसरी शेगडी असते.

तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यांतली मासळी, उघडायला यापेक्षा सोपे साधन मला माहीत नाही. त्या दोन-तीन पाण्यांत चोळून धुवाव्यात, कुकरच्या भांड्यात जेमतेम अर्धी वाटी पाणी घालून ते उकळले की तिसऱ्या घालाव्यात आणि झाकण ठेवावे. चार-पाच मिनिटांत शिंपले उघडतात. तेवढ्यावर थांबावे, कारण जास्त शिजल्या की त्या रबरासारख्या होतात. जी शिंपले उघडत नाहीत ती टाकून द्यावीत. खाली जमलेले पाणी पातळ फडक्यातून गाळून घ्यावे, त्यात रेती असते, आणि हेच पाणी एकशिपी (एकच शिंपला ठेवून केलेल्या) कालवणात किंवा भातात वापरावे. चव सगळी त्यातच उतरलेली असते.

कोलंबी भाताला आधी कोलंबी घालू नये. भाताला लागणाऱ्या वीस-पंचवीस मिनिटांत ती आक्रसून चिवट होते. कांदा, आले-लसूण, मालवणी मसाला तव्यावर परतून घ्यावा, त्यातच कोलंबी दोन मिनिटे परतून बाजूला काढावी. मसाला तेवढा तांदूळ-पाण्याबरोबर कुकरमध्ये लावावा आणि खटका उडाला की कोलंबी भातावर पसरून, झाकण लावून, आणखी दहा मिनिटे ठेवावी. भाताच्या वाफेत ती बरोबर शिजते. पाण्याऐवजी नारळाचा रस घालायचा असेल तर दुसरा, म्हणजे पातळ रस घालावा. जाड रस उकळला की फाटतो आणि तेल वेगळे होते, म्हणून तो खटका उडाल्यानंतर कडेने सोडावा. हा नियम कुकरमधल्या प्रत्येक नारळाच्या पदार्थाला लागू आहे.

पापलेटचे किंवा सौंदाळ्याचे तुकडे हिरवे वाटण लावून हळदीच्या किंवा केळीच्या पानात गुंडाळून वरच्या ताटलीत ठेवता येतात. खाली भात शिजत असतो त्याच वाफेत मासा तयार होतो, दहा-बारा मिनिटांत. मात्र झाकण भाताला उकळी आल्यानंतर एकदाच, झटकन उघडून ताटली ठेवावी. भाताला मासळीचा वास लागतोच. सोमवार, संकष्टी पाळणाऱ्या घरात यासाठी आतले भांडे वेगळे असावे.

खाडीपलीकडे (दापोली)

उत्साह चांगला आहे, पण एका बाबतीत सावध करणे मला आवश्यक वाटते. डाळी आणि कडधान्ये यांच्यासाठी राइस कुकर प्रेशर कुकरची जागा घेऊ शकत नाही. शिट्टीच्या कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास जाते. इथे ते शंभरावरच थांबते, आणि या वीस अंशांचा फरक फार मोठा असतो. जी तुरीची डाळ तिकडे दहा मिनिटांत मोडते तिला इकडे पाऊण तास लागतो आणि मध्ये दोनदा पाणी घालावे लागते. अख्खे कुळीथ किंवा काळे वाटाणे तर रात्रभर भिजवूनही दाताखाली लागतात. मूगडाळ, मसूरडाळ, सोललेली डाळिंबी, भिजवलेली चवळी एवढीच माझ्या मते या कुकरच्या आवाक्यातली आहेत. कुळथाचे पिठले मात्र चांगले होते, कारण ते पिठाचे आहे. पीठ गार पाण्यात कालवून उकळत्या फोडणीच्या पाण्यात ओतावे आणि झाकण न ठेवता ढवळावे.

राजमा आणणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते, ते पूर्ण उकळीवर किमान दहा मिनिटे शिजल्याशिवाय जात नाही. भिजवलेले पाणी फेकून नव्या पाण्यात खळखळ उकळावा. ‘वॉर्म’वर ठेवून सावकाश शिजवण्याचा प्रयोग करू नये.

आमसुलाबद्दल केळफूलताईंनी लिहिले ते योग्यच आहे आणि त्याचे कारणही सांगतो. आंबट पाण्यात डाळीच्या आणि भाजीच्या पेशींना धरून ठेवणारा भाग विरघळत नाही, म्हणून आमसूल, चिंच, कैरी आधी पडली की कितीही उकळा, दाणा मऊ होत नाही. शिवाय कुकरचे भांडे साध्या ॲल्युमिनियमचे असेल तर आगळ किंवा सोलाचे पाणी त्यात शिजवू नये. आंबटाने धातू खाल्ला जातो, भांडे काळवंडते आणि सारालाही धातूची चव येते. सार करायचे असल्यास स्टीलचे भांडे हवे.

कातळसडा (राजापूर)

सांदणांबद्दल, म्हणजे फणसाच्या रसाच्या वाफवलेल्या गोड इडल्यांबद्दल, कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. त्यांना मऊ गऱ्यांचा बरका फणसच हवा, कडक गऱ्यांच्या काप्याचा रस निघत नाही. गरे चाळणीवर घासून रस काढावा. दोन वाट्या तांदळाचा रवा धुऊन निथळून घ्यावा, त्यात दोन वाट्या रस, सव्वा वाटी गूळ, एक वाटी नारळाचे दूध आणि चिमूटभर मीठ घालून दोन-तीन तास मुरू द्यावे. मिश्रण इडलीच्या पिठाइतके असावे. रवा फुगून घट्ट झाला तर नारळाचे दूधच वाढवावे, पाणी घालू नये. लहान वाट्यांना तूप लावून त्या अर्ध्याच भराव्यात आणि वाफ आल्यावर पंधरा ते वीस मिनिटे ठेवाव्यात. आंब्याच्या रसाची सांदणेही याच पद्धतीने होतात. हापूसचा रस दाट असतो, म्हणून तिथे नारळाचे दूध थोडे जास्त लागते.

तवसाचे (मोठ्या काकडीचे) धोंडस मात्र वेगळ्या जातीचा पदार्थ आहे आणि त्याबाबत अपेक्षा बेताची ठेवावी. जुन्या पद्धतीत पातेल्याखाली आणि झाकणावर असे दोन्हीकडे निखारे असतात, म्हणून त्याला वरूनही खरपूस रंग येतो. कुकर फक्त खालून तापतो. किसलेले तवस पिळून न घेता, भाजलेला रवा, गूळ, खोबरे आणि तूप यांच्याबरोबर गॅसवर आधी घट्ट आटवून घ्यावे आणि मग कुकरच्या तूप लावलेल्या भांड्यात थापावे. बुडाशी मोकळे पाणी नसल्याने खटका सात-आठ मिनिटांतच उडतो. तो उडाला की पंधरा मिनिटे थांबावे, बूड निवले की पुन्हा दाबावे. असे तीन-चार वेळा केले की आतपर्यंत शिजते. मग ताटात उलटे काढावे, म्हणजे खालची लालसर बाजू वर येते. निखाऱ्यांचा वास त्याला येत नाही, तरी पावसाळ्यात ओल्या लाकडांशी झगडण्यापेक्षा मला हे पुष्कळ बरे वाटते. तवसातले पाणी कमीजास्त असते, त्यामुळे मिश्रण हाताला चिकटेनासे झाले की मगच थापावे.

रुग्णसेवा (रत्नागिरी)

आरोग्यसेवेत काम करत असल्याने एक गोष्ट आवर्जून सांगते. कुकरमधला भात सकाळी लावून रात्रीपर्यंत खाण्याची सवय घातक ठरू शकते. बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू भात शिजल्यावरही जिवंत राहतात आणि भात कोमट अवस्थेत राहिला की वाढू लागतात. त्यांनी तयार केलेले एक विष भात पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. ‘वॉर्म’वर भात साठ अंशांच्या वर राहतो तोवर वाढ होत नाही, पण वीज गेली की तो हळूहळू त्या कोमट टप्प्यात उतरतो, आणि आपल्या दमट हवेत ही वाढ भराभर होते.

म्हणून पावसाळ्यात एवढे करावे : वीज गेली तर झाकण उघडू नये, आणि दोन तासांत ती आली नाही तर भात खाऊन संपवावा किंवा, शीतपेटी गार असेल तर, पसरट ताटात गार करून तिच्यात ठेवावा. निसर्ग आणि तौक्ते या वादळांनंतर अनेक गावांत बरेच दिवस वीज नव्हती, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. अशा वेळी कुकरवर विसंबून चालत नाही, घरात दुसरी सोय हवीच. कोलंबी भात, मासा घातलेला भात आणि नारळाच्या रसाचे पदार्थ तर ‘वॉर्म’वरही तासाभराहून जास्त ठेवू नयेत.

एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी मी मूगडाळ-तांदळाची पातळ खिचडी सुचवते. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, किसलेले गाजर किंवा दुधी, हळद, मीठ आणि साडेतीन वाट्या पाणी. खिचडी दाट होऊ लागली की बुडाशी थर बसतो आणि पाणी असूनही खटका लवकर उडतो. तेव्हा एकदा ढवळून, अर्धी वाटी कढत पाणी घालून पुन्हा दाबावा. तूप वरून घालावे.

आगरवाडी (अलिबाग)

या सगळ्यावरून सासूबाईंसाठी नवा कुकर घेण्याचे ठरवले आहे. त्या एकट्याच असतात, श्रावणात मात्र आम्ही सहा जण जमतो. लहान घ्यावा की मोठा?

वीजजोडणी (चिपळूण)

मोठाच घ्यावा, साधारण ७०० वॅटचा. लहान कुकरमध्ये पेज उतू जाते आणि वाफेची ताटली अगदीच अपुरी पडते. मात्र मोठ्या भांड्यात एका माणसाचा मूठभर भात लावला की पाणी पसरून लवकर आटते आणि भात कडक राहतो. त्यासाठी रोजच्या वापराला भांड्यात एक वाटी पाणी घालून, वर स्टीलच्या डब्यात तांदूळ-पाणी ठेवून, वाफेवर भात करावा. डब्यावर ताटली झाकावी आणि वाफ आल्यावर अर्धा तास द्यावा. बाहेरचे पाणी संपले की कुकर आपोआप बंद होतो. शेजारी दुसऱ्या लहान डब्यात भिजवलेली मूगडाळ किंवा दुधीची भाजीही बसते. घेताना आतले भांडे स्टीलचे आहे का, आणि जास्तीचे भांडे व ताटली सुटी मिळते का, हे दुकानात विचारून घ्यावे.

केळफूल (गुहागर)

डब्यातल्या भाताला दुप्पट पाणी लागत नाही, पावणेदोन वाट्या पुरतात, कारण डब्यातले पाणी वाफ होऊन उडत नाही. जुना तांदूळ असेल तर मात्र दोन वाट्याच घालाव्यात. बाहेरचे पाणी सासूबाईंना रोज मोजावे लागू नये म्हणून भांड्याच्या आतून एक खूण करून द्या. त्यांच्याकडे विजेचा दाब कमी असेल तरी खूण एक वाटीवरच ठेवा, पाणी सावकाश आटते आणि वेळ तेवढा जास्त लागतो.